कोणतं औषध?

खान्देशात ‘औषध’ हा शब्द दोन दुकानांत चालतो. मेडिकलमधून आणतात ते औषध आणि कृषी केंद्रातून आणतात तेही औषध. कपाशीवर मारायचं औषध, केळीतल्या गवताचं औषध, माळ्यावरच्या उंदरांचं औषध, गव्हाच्या कोठीत ठेवायचं औषध. ‘विष’ हा शब्द घरात सहसा कुणी उच्चारत नाही. मग चोपड्याकडून किंवा साक्रीकडून रात्री जीपमध्ये घालून आणलेल्या माणसाबद्दल घरचे सांगतात, “यानं औषध घेतलंय.” अपघात विभागातला डॉक्टर लगेच विचारतो, “कोणतं औषध?”

“फवारणीचं,” असं उत्तर बहुधा येतं. त्यातून फार तर एवढंच कळतं, की ते शेतातलं आहे. बाटली घरीच राहिलेली असते, नाहीतर कुणीतरी घाबरून ती उकिरड्यावर फेकलेली असते. कधी ते औषध मुळातच कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवलेलं असतं, म्हणजे लेबलचा प्रश्नच मिटला.

हे सगळं प्रकरण त्या एका प्रश्नाचं आहे. डॉक्टरला त्याचं उत्तर काही मिनिटांत हवं असतं. प्रयोगशाळा ते शोधायला कितीतरी दिवस घेते. न्यायालयात त्याच उत्तराचा कीस वर्षानुवर्षं पाडला जातो. आपल्याला वाटतं, प्रयोगशाळा म्हणजे एक यंत्र. एका बाजूनं नमुना घातला, की दुसऱ्या बाजूनं विषाचं नाव बाहेर पडतं. तसं नसतं. हजारो रसायनांपैकी कशाचा माग काढायचा, हे प्रयोगशाळेला आधी कुणीतरी सुचवावं लागतं, आणि ते सुचवणारा बहुधा पांढऱ्या कोटातला नसतो.

डोळ्यांच्या बाहुल्या आणि पिवळा रंग

धुळ्याचं भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असो, जळगावचं शासकीय रुग्णालय असो की तालुक्याचा दवाखाना, पहिली तपासणी काचेच्या नळीत होत नाही. डॉक्टर रुग्णाच्या पापण्या उघडून बाहुल्या बघतो.

बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या आकसलेल्या, तोंडाला फेस, अंग घामानं निथळलेलं, छातीत घुरघुर, हातापायांचे स्नायू फडफडताहेत, एवढं दिसलं की पहिला संशय ऑर्गनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकावर जातो. मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरिफॉस, प्रोफेनोफॉस ही त्यातली कापूसवाल्यांच्या ओळखीची नावं. आपल्या नसांच्या टोकांशी अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं द्रव्य निरोप्याचं काम करतं. निरोप पोचला, की कोलीनएस्टरेज नावाचं विकर त्या निरोप्याला मोडून टाकतं आणि नस शांत होते. हे कीटकनाशक त्या विकरालाच जखडून ठेवतं. मग निरोप थांबतच नाहीत. ग्रंथी पाझरत राहतात, स्नायू फडफडतात आणि शेवटी थकून गळून जातात. त्यात श्वासाचे स्नायूही आले.

धोतऱ्याचं बी पोटात गेलं असेल, तर चित्र बरोबर उलटं दिसतं. बाहुल्या विस्फारलेल्या, जीभ कोरडी ठणठणीत, अंग तापलेलं, माणूस बरळतोय आणि हवेतून नसलेले धागे वेचतोय. आता गंमत बघा. कीटकनाशकाच्या रुग्णाला डॉक्टर जे अ‍ॅट्रोपिन टोचतात, ते धोतऱ्याच्याच कुळातलं अल्कलॉइड आहे. एकाच बांधाच्या अलीकडे फवारणी चालू असते आणि पलीकडे धोतरा उगवलेला असतो. एकाचं विष दुसऱ्यावरचा उतारा. ‘औषध’ हा शब्द दोन दुकानांत चालतो, तो उगाच नाही.

संशयाला आधार देणारी रक्ताची तपासणी म्हणजे कोलीनएस्टरेजची. १९६१ साली एलमन या रसायनशास्त्रज्ञानं मांडलेली पद्धत आजही तिचा पाया आहे. विकरापुढे त्याच्या आवडीच्या द्रव्याचा एक जुळा भाऊ ठेवतात. विकर ठणठणीत असेल तर ते त्याला मोडतं, आणि सुटलेला तुकडा सोबतच्या अभिकर्मकाला पिवळा रंग देतो. रंग झपाट्यानं चढला, तर विकर शाबूत. रंग चढेना, तर विकर कुणीतरी जखडलं आहे. पण कोणी, हे ही तपासणी सांगत नाही. ऑर्गनोफॉस्फेटमधलं कोणतंही असू शकतं, कार्बामेट गटातलंही असू शकतं. तिच्याकडून आडनाव कळतं, नाव कळत नाही.

हे विष तोंडावाटेच जातं असंही नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करतानाच शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसएक जण दगावले. त्यांनी काही ‘घेतलं’ नव्हतं. अंगावरच्या ओल्या शर्टातून आणि श्वासातून ते शरीरात गेलं होतं. शिवाय पंपात दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली असली, की “कोणतं औषध?” या प्रश्नाला एकच एक उत्तरही उरत नाही.

तणनाशक असेल तर गोष्ट आणखी वेगळी. पॅराक्वाट पोटात गेलेला माणूस पहिल्या दिवशी कधी कधी चालत येतो, बोलतो. खरं नुकसान पुढच्या दिवसांत फुप्फुसांत होतं. इथे एरवी हक्कानं दिला जाणारा ऑक्सिजनसुद्धा डॉक्टर हात राखून देतात, कारण हे विष ऑक्सिजनच्याच साथीनं फुप्फुस जाळतं. म्हणून ते लवकर ओळखणं महत्त्वाचं. त्याची तपासणी खाटेजवळ होण्याइतकी साधी आहे: रुग्णाच्या लघवीत अल्कली आणि सोडियम डायथायोनाइट घालतात, पॅराक्वाट असेल तर लघवी निळी होते. पण ही नळी हातात घ्यायची कधी, तर कुणीतरी “गवताचं औषध होतं” असं सांगितलं, किंवा डॉक्टरला तसा संशय आला, तेव्हाच.

कोठी, माळा आणि कुंपण

शेताकडून घरात येऊ या. धान्याच्या कोठीत ठेवायच्या गोळ्या म्हणजे अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइड आणि उंदरांसाठीची काळसर पूड म्हणजे झिंक फॉस्फाइड. दोन्हींतून ओलाव्यानं आणि पोटातल्या आम्लानं फॉस्फिन वायू सुटतो. त्याला लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास येतो. याची जुनी आणि अजूनही उपयोगी तपासणी म्हणजे चांदीचा कागद. सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवलेला टिपकागद पोटातून काढलेल्या द्रवाच्या वाफेवर धरला, की फॉस्फिन त्याला काळा करतं. पण सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइडही या कागदाला काळा करतो, आणि तो कुजण्यातूनही तयार होतो. म्हणून शेजारी दुसरा कागद धरतात, लेड अ‍ॅसिटेटचा. तो फक्त सल्फाइडला काळा पडतो. चांदीचा काळा आणि शिशाचा पांढराच, तर फॉस्फिन. दोन्ही काळे झाले, तर निकाल देण्याआधी थांबायचं. विषतपासणीची सगळी शिस्त या दोन कागदांत आहे: होकार मिळाला, तर तोच होकार आणखी कोण देऊ शकेल हे आधी विचारायचं.

उंदरांच्या काही लेपांत पिवळा फॉस्फरस असतो. त्याची फसवणूक अशी, की पहिल्या दिवशी उलट्या होतात, मग एक-दोन दिवस बरं वाटतं, लोक रुग्णाला घरी घेऊन जातात. आणि मग यकृत ढासळायला लागतं. हा फॉस्फरस अंधारात चमकतो. १८५५ मध्ये मिचरलिख या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं त्यावरूनच तपासणी बेतली. संशयित द्रव्य अंधाऱ्या खोलीत उकळायचं आणि वाफ काचेच्या नळीतून न्यायची. वाफ थंड होते त्या जागी फिकट उजेड दिसला, तर फॉस्फरस. उंदरांच्या वड्यांमध्ये ब्रोमाडिओलोन असेल, तर तपासणी पुन्हा निराळी. तिथे विषाऐवजी रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजतात, कारण ते औषध उंदराचं आणि माणसाचं रक्त गोठू देत नाही. त्यावर व्हिटॅमिन ‘के’चा उतारा चालतो. म्हणजे ‘उंदराचं औषध’ या एकाच नावाखाली तीन वेगळी विषं, तीन वेगळ्या तपासण्या आणि तीन वेगळे उपचार आहेत.

आता कुंपण. मोगली एरंडाच्या, म्हणजे चंद्रज्योतीच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात, आणि शाळेच्या वाटेवरची पोरं त्या वाटून खातात. मग एकाच वेळी दहा-पंधरा मुलं उलट्या-जुलाबांनी दवाखान्यात येतात. वेळेवर सलाईन मिळालं, तर ती बहुतेक बरी होतात. इथे प्रयोगशाळेपेक्षा मुलाच्या खिशात उरलेली एक बी जास्त बोलते. पिवळ्या कण्हेरीचं बी मात्र हृदयावर घाव घालतं. हृदयविकारासाठी डिगॉक्सिन नावाचं औषध देतात आणि रुग्णाच्या रक्तातलं त्याचं प्रमाण मोजायची तपासणी असते. कण्हेरीतली द्रव्यं डिगॉक्सिनच्या इतक्या जवळच्या नात्यातली, की ती तपासणी त्यांनाही डिगॉक्सिनच समजते. जो माणूस डिगॉक्सिन घेतच नाही, त्याच्या रक्तात ते ‘सापडलं’, तर डॉक्टर कुंपणाची चौकशी करतात. चुकणाऱ्या तपासणीचा असाही उपयोग होतो.

स्वयंपाकघरही यातून सुटत नाही. नवरात्र, महाशिवरात्र, आषाढी आली, की महाराष्ट्रात कुठून ना कुठून भगरीच्या विषबाधेची बातमी येते. ओलाव्यात राहिलेल्या भगरीवर अ‍ॅस्परजिलस जातीची बुरशी चढते आणि तिच्यातून फ्युमिगाक्लेव्हिनसारखी विषद्रव्यं तयार होतात, असा इशारा अन्न व औषध प्रशासन देत आलं आहे. पिठाला ओल लवकर धरते, म्हणून तयार पीठ आणून साठवण्यापेक्षा भगर निवडून घरीच दळावी, हा सल्ला त्यातूनच आला. रानात उगवणाऱ्या पिवळ्या, काटेरी धोतऱ्याचं बारीक काळं बी मोहरीत मिसळलं, तर तेलातून विष येतं. १९९८ मध्ये दिल्लीत अशा भेसळीनं साठहून अधिक माणसं गेली. त्या तेलाची पहिली चाचणी अगदी साधी: तेलात तीव्र नायट्रिक आम्ल घालून हलवलं, की आम्लाचा थर तांबूस-नारिंगी होतो. पण इथेही रंग म्हणजे फक्त संशय. खात्री पुढच्या तपासणीनं करायची.

मुंबईचा केमिकल अ‍ॅनालायझर

महाराष्ट्रातल्या कोणत्याही पोलीस ठाण्यात किंवा कोर्टात गेलात, तर विषाच्या अहवालाला ‘सी.ए. रिपोर्ट’ म्हणतात. सी.ए. म्हणजे केमिकल अ‍ॅनालायझर. हे पद ब्रिटिश मुंबई सरकारचं. एकोणिसाव्या शतकात ग्रँट मेडिकल कॉलेजचा रसायनशास्त्राचा प्राध्यापक हे काम बघायचा. खान्देशासकट सगळ्या इलाख्यातून सीलबंद बरण्या त्याच्याकडे जात.

त्या काळची दोन मोठी विषं म्हणजे सोमल आणि धोतरा. वाटसरूशी गोड बोलून त्याला धोतरा मिसळलेलं खाऊ घालायचं आणि शुद्ध हरपली की लुटायचं, हा रस्त्यावरचा जुना धंदा होता. धोतरा ओळखण्यासाठी त्या वेळचे तज्ज्ञ मांजराची मदत घेत. संशयित अर्काचा किंवा रुग्णाच्या लघवीचा थेंब मांजराच्या डोळ्यात टाकायचा. बाहुली मोठी झाली, तर धोतऱ्याचा संशय पक्का. पुढे रासायनिक तपासणी आली. नायट्रिक आम्लानं सुकवलेल्या अर्कावर अल्कोहोलातला पोटॅश टाकला, की जांभळा रंग उमटतो. मांजराची सुटका झाली.

सोमल म्हणजे पांढरा आर्सेनिक. चव नाही, वास नाही. १८३० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये जेम्स मार्श या रसायनतज्ज्ञानं एका खटल्यात सोमलाचा पुरावा दिला. पण ज्यूरीपुढे तो जाईपर्यंत खराब झाला आणि आरोपी सुटला. चिडलेल्या मार्शनं १८३६ मध्ये नवी पद्धत जाहीर केली. जस्त आणि आम्लाच्या मदतीनं आर्सेनिकचा वायू करायचा, तो तापवलेल्या काचेच्या नळीतून न्यायचा, आणि काचेवर आर्सेनिकचा चकचकीत काळा आरसा बसवायचा. हा आरसा टिकायचा आणि तो हातात घेऊन ज्यूरीला दाखवता यायचा.

याच सोमलानं मराठी माणसांच्या इतिहासातला एक मोठा खटला उभा केला. ९ नोव्हेंबर १८७४ च्या सकाळी बडोद्याचा रेसिडेंट कर्नल फेअर फिरून आला. त्यानं पपनसाच्या सरबताचे दोन घोट घेतले आणि चव बिघडलेली वाटली म्हणून उरलेलं फेकून दिलं. पेल्याच्या तळाशी गाळ राहिला. रेसिडेन्सीचे डॉक्टर सीवर्ड यांनी तो तपासला आणि मग पुड्यांत बांधून मुंबईच्या केमिकल अ‍ॅनालायझरकडे, डॉ. ग्रे यांच्याकडे पाठवला. गाळात सोमल निघाला, आणि काही चमकणारे टणक कण. ती हिऱ्याची पूड असल्याची चर्चा पुढे देशभर झाली. संशय महाराज मल्हारराव गायकवाडांवर आला. सहा जणांचं कमिशन बसलं. तीन इंग्रज सदस्य म्हणाले, आरोप सिद्ध झाला. ग्वाल्हेरचे शिंदे महाराज, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव या तिघांना तसं वाटलं नाही. रसायनशास्त्रावर दोन्ही बाजूंचं फारसं भांडण नव्हतं. भांडण होतं, सोमल पेल्यात पोचवणारा हात कोणाचा यावर. ब्रिटिश सरकारनं एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत केलं, पण कारण गैरकारभाराचं दिलं. आणि गादीसाठी मुलाचा शोध घेता घेता मंडळी खान्देशाच्या वेशीवरच्या मालेगाव तालुक्यात, कवळाण्याला आली. तिथला गोपाळराव पुढे सयाजीराव महाराज झाला. पेल्याच्या तळाशी राहिलेल्या गाळानं एवढं केलं.

बरणीचा प्रवास

आजच्या बातम्यांतलं ठरलेलं वाक्य आहे, ‘व्हिसेरा राखून ठेवण्यात आला आहे.’ म्हणजे काय, ते पाहू. अकस्मात मृत्यूची नोंद होते, शवविच्छेदन होतं, आणि विषाचा संशय असेल तर एका बरणीत जठर, त्यातला ऐवज आणि लहान आतड्याचा तुकडा, दुसरीत यकृत, प्लीहा आणि मूत्रपिंडांचे भाग, छोट्या बाटलीत रक्त असं ठेवलं जातं. अवयव टिकवण्यासाठी वापरतात साधं मीठ. पाण्यात आणखी मीठ विरघळेना, असं संपृक्त द्रावण. शाळेच्या प्रयोगशाळेतला बेडूक फॉर्मॅलिनमध्ये असतो, पण इथे फॉर्मॅलिन चालत नाही. त्यानं ऊती कडक होतात आणि त्यातून विष बाहेर काढणं अवघड होतं. बरणी गळ्यापर्यंत भरत नाहीत. कुजण्यातून निघणाऱ्या वायूला जागा ठेवतात. लाखेचं सील, सीलचा नमुना, डॉक्टरची सही, पोलिसांचं पत्र, आणि मग हवालदाराबरोबर प्रवास. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या बरण्यांची वाट नाशिकच्या प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे जाते. धुळ्यातही एक लघु प्रयोगशाळा आहे.

तिथे पहिलं काम म्हणजे विष मांसापासून वेगळं करणं. याचा पाया बेल्जियमच्या स्टास या रसायनशास्त्रज्ञानं घातला. १८५० मध्ये बोकार्मे नावाच्या एका सरदारानं मेहुण्याला निकोटीन देऊन मारलं. वनस्पतीचं विष मृतदेहातून बाहेर काढणं तोवर अशक्य मानलं जाई. स्टासनं वाट शोधली. आम्लयुक्त अल्कोहोलात अल्कलॉइड विरघळतात आणि चरबी-प्रथिनं मागे राहतात. मग अल्कली घालून ईथरनं तेच अल्कलॉइड वर ओढून घेता येतात. पुढे ऑटोनं ही रीत सुधारली. विषाची रासायनिक प्रकृती पाहून द्रावक बदलायचा, ही त्यातली युक्ती आजही चालते.

मग येते पातळ थराची क्रोमॅटोग्राफी. नाव भारी, पण खेळ लहानपणीचा. टिपकागदावर काळ्या शाईचा ठिपका देऊन कागदाचं टोक पाण्यात धरलं, की पाणी चढतं आणि काळ्यातून निळा, तांबडा असे रंग फुटून वेगवेगळ्या उंचीवर थांबतात. इथे कागदाऐवजी सिलिकाचा थर दिलेली पट्टी, पाण्याऐवजी द्रावक, आणि शाईऐवजी व्हिसेऱ्याचा अर्क. शेजारी संशयित कीटकनाशकाच्या शुद्ध नमुन्याचा ठिपका देतात. दोन्ही एकाच उंचीवर थांबले आणि फवारलेल्या अभिकर्मकानं एकाच रंगाचे झाले, तर ओळख जुळली. या फवाऱ्यांच्या अभिकर्मकांत मराठवाड्याचं मोलाचं काम आहे. तेव्हाच्या औरंगाबादच्या प्रादेशिक प्रयोगशाळेतल्या रसायनतज्ज्ञांनी कापूसपट्ट्यातल्या कीटकनाशकांसाठी निवडक रंग देणारे स्वस्त अभिकर्मक शोधले आणि ते ‘अ‍ॅनालिस्ट’सारख्या ब्रिटिश नियतकालिकातही छापून आले. शेतकरी शेतात फवारतो आणि तज्ज्ञ पट्टीवर फवारतो. पहिल्या फवाऱ्याचा माग दुसऱ्यानं काढायचा.

शेवटची साक्ष यंत्राची. गॅस क्रोमॅटोग्राफ मिश्रणातले घटक वेगळे करतो. मास स्पेक्ट्रोमीटर प्रत्येक रेणू फोडून त्याच्या तुकड्यांची वजनं टिपतो. प्रत्येक रेणू आपल्या ठरावीक रीतीनं फुटतो. त्या तुकड्यांची नक्षी साठवलेल्या हजारो नक्षींशी ताडून नाव काढतात. धातूंची विषं मात्र या वाटेनं जात नाहीत. त्यांना वेगळं यंत्र, वेगळी तयारी लागते. दारूतल्या मिथेनॉलला आणखी निराळी. बरणीतला ऐवज मोजकाच असतो. त्यावर आधी कोणती तपासणी करायची, हे सोबतच्या कागदावरून ठरतं. कागदावर ‘अज्ञात विष’ एवढंच असेल, तर अंधारात चाचपडणं आलं. ‘घरात पिवळा त्रिकोण असलेला डबा सापडला, त्यावर अमुक नाव होतं’ असं असेल, तर अर्धं काम झालेलं असतं.

विष सापडलं, पुढे काय?

सी.ए. रिपोर्टमध्ये ‘विष आढळलं नाही’ असं आलं, म्हणजे विष नव्हतंच असं होत नाही. माणूस चार दिवस रुग्णालयात जगला असेल, पोट धुतलं गेलं असेल, शरीरानं विष मोडून बाहेर टाकलं असेल. पुण्याच्या अनंत चिंतामण लागू खटल्यात अहवाल असाच आला होता. नोव्हेंबर १९५६ मध्ये एक डॉक्टर आपल्या श्रीमंत विधवा रुग्णाला रात्रीच्या गाडीनं पुण्याहून मुंबईला घेऊन गेला. ती बेशुद्धावस्थेत रुग्णालयात पोचली आणि दगावली. केमिकल अ‍ॅनालायझरला विष सापडलं नाही. तरीही डॉक्टरनं रुग्णालयात दिलेली खोटी माहिती, मृत्यूची लपवाछपवी आणि नंतर हडपलेली मालमत्ता यांची साखळी जुळवून न्यायालयांनी त्याला दोषी धरलं. डिसेंबर १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते दोन विरुद्ध एक अशा मतानं कायम केलं.

उलट शरद बिरधीचंद सारडा खटला, तोही पुण्याचाच. तिथे पोटॅशियम सायनाइडनं मृत्यू झाल्याचं दिसत होतं, पण १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आरोपीची सुटका केली. विषप्रयोगाच्या खुनात चार गोष्टी सिद्ध व्हायला हव्यात, असं त्या निकालात स्पष्ट नोंदवलं आहे: हेतू, विषानंच झालेला मृत्यू, आरोपीपाशी ते विष असणं आणि ते देण्याची संधी. या चारांपैकी प्रयोगशाळेच्या वाट्याला थेट एकच येते. बडोद्यात विष सापडूनही हात ठरला नाही, लागू खटल्यात विष न सापडता हात ठरला. बाकीच्या तीन गोष्टी माणसांनाच सांगाव्या लागतात.

घरातून निघताना

म्हणून कृषी केंद्रातून आणलेल्या डब्यावरचं लेबल ही प्रयोगशाळेची पहिली खोली समजावी. त्यावर घटकाचं नाव असतं, उताऱ्याची माहिती असते आणि रंगीत त्रिकोण असतो: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. औषध दुसऱ्या बाटलीत ओतलं, की ही खोली पाडली. डबे कुलपात ठेवावेत, विशेषतः घरात कुणी खचलेलं, गप्प झालेलं असेल तर नक्कीच. अशा माणसाशी बोलण्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो.

प्रसंग आलाच, तर १०८ ला फोन करावा. मिठाचं पाणी पाजून किंवा घशात बोटं घालून उलटी करवू नये. रॉकेल किंवा अ‍ॅसिड पोटात गेलं असेल, तर उलटीनं अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते आणि फुप्फुसालाही इजा होते. फवारणीचं औषध अंगावर असेल, तर कपडे काढून अंग साबणानं धुवावं. आणि ते करणाऱ्यानं स्वतःचे हात जपावेत. डबा, बाटली, रिकामं पाकीट, उरलेली बी, जे असेल ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून बरोबर न्यावं. हाती लागत नसेल, तर मागे राहिलेल्यानं मोबाइलवर लेबलचा फोटो पाठवावा. किती वाजता घडलं, हे लक्षात ठेवावं. आणि लाजेपोटी, पोलिसांच्या भीतीपोटी “चक्कर येऊन पडला” असं सांगू नये. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या क्रमांकावर डॉक्टरांना आणि घरच्यांनाही सल्ला देतं. तिथेही पहिला प्रश्न हाच येईल, कोणतं औषध?

बरण्यांबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. व्हिसेऱ्याबरोबर आणखी एक बाटली नाशिकला जाते. तिच्यात माणसाचं काहीच नसतं. बरण्या भरताना वापरलेलं तेच मिठाचं पाणी असतं. विष व्हिसेऱ्यात सापडलं, तर ते शरीरातलंच आहे, रुग्णालयाच्या मिठातलं किंवा नळाच्या पाण्यातलं नाही, हे आधी तपासायला. दुसऱ्याच्या घरातल्या विषाबद्दल बोलण्यापूर्वी प्रयोगशाळा स्वतःचं मीठ तपासते.